बोर्ड मेला की पाठ भ्रष्ट झाला?

संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलाशी दहा मिनिटे उभे राहिले तर 'बोर्ड गेला' हे वाक्य एकदा तरी कानावर पडतेच. यंत्राचे बटण दाबले, पंखा फिरू लागला, दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला, की हा निकाल ठरलेला. पुष्कळदा तो बरोबरही असतो. वीज अंगावर आली, पाणी सांडले, धारित्र फुगले, तर बोर्ड खरोखरच जातो. परंतु ज्या यंत्राचे फर्मवेअर अद्ययावत करण्याचे काम मध्येच फसले आहे, त्या यंत्राबाबत हा निकाल बहुधा चुकीचा असतो. तेथे तांब्याच्या वाटा शाबूत असतात, प्रोसेसर शाबूत असतो, रॅम शाबूत असते. बिघडलेला असतो तो फक्त एक मजकूर. बोटाच्या नखाएवढ्या, आठ पायांच्या एका चिपमध्ये साठवलेला तो मजकूर पुन्हा शुद्ध उतरवून घेतला की तोच 'मेलेला' बोर्ड उठून उभा राहतो. हे कसे घडते, आणि घडवून आणायचे तर कोणत्या क्रमाने पावले टाकावी लागतात, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले अगदी व्यवहारी आहे. आज आपले प्रबंध, मुलाखती, ध्वनिमुद्रणे, सूची, सारे काही संगणकात असते, आणि बोर्डाबरोबर तेही गेले असे समजून हातपाय गाळणारे लोक आपल्याच इमारतीत आहेत. दुसरे उत्तर असे की हा प्रश्न स्वभावाने आपलाच आहे. कोणती प्रत भ्रष्ट आहे, ती नेमकी कोठे भ्रष्ट झाली, कोणत्या शुद्ध प्रतीवरून ती सुधारायची, सुधारताना मूळ प्रतीतले काय जपायचे, हे प्रश्न हस्तलिखितांच्या अभ्यासकाला नवे नाहीत.

प्रथम फर्मवेअर म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसरला वीज मिळाली की तो एका ठराविक पत्त्यावर जाऊन पहिली आज्ञा वाचतो. त्या क्षणी त्याला डिस्क ठाऊक नसते, पडदा ठाऊक नसतो, इतकेच काय, रॅम किती आणि कशी जोडली आहे हेही ठाऊक नसते. हे सर्व त्याला शिकवणारा जो मजकूर बोर्डावरच कायम ठेवलेला असतो तो म्हणजे फर्मवेअर. (याला 'दृढसामग्री' असा शब्द करता येईल, पण तो घेऊन दुकानात गेल्यास दुकानदार आपल्याला सिमेंटच्या दुकानाचा रस्ता दाखवील.) व्यवहारात याला सगळे 'बायोस'च म्हणतात. हा शब्द गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या कार्यप्रणालीतून १९७०च्या दशकात आला. १९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्यातील बायोस अवघा ८ किलोबाइटचा होता. आजच्या बोर्डांवर १६ किंवा ३२ मेगाबाइटची चिप असते, म्हणजे किमान दोन हजार पटींची वाढ. २००५ साली स्थापन झालेल्या संघटनेने जी नवी यूईएफआय पद्धत पुढे चालवली, तिने जुन्या बायोसची जागा केव्हाच घेतली आहे. पण माणसांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. या लेखातही मी ते तसेच वापरतो.

आयबीएमच्या त्या चिपमधला मजकूर कारखान्यातच कोरलेला असे, त्यामुळे तो सुधारण्याचा किंवा बिघडण्याचा प्रश्नच नव्हता. नंतरच्या बोर्डांवर ज्या चिपा आल्या त्यांतील मजकूर पुसायचा तर चिप काढून, तिच्या काचेच्या खिडकीतून अतिनील किरण सोडावे लागत. हा खटाटोप घरी बसून कोणी करीत नसे. १९८४ साली तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत विजेनेच झटकन पुसता येईल अशी स्मृती मांडली. तिचे पुसले जाणे कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखे वाटल्यामुळे एका सहकाऱ्याने तिला 'फ्लॅश' हे नाव सुचवले. ही चिप बोर्डावर आली आणि घरबसल्या बायोस बदलता येऊ लागला. घरबसल्या तो बिघडवण्याची सोयही त्याच दिवशी झाली.

बिघाडाचे मूळ या चिपच्या स्वभावातच आहे. फ्लॅश चिपमध्ये एकाचे शून्य हवे तेव्हा, हवे तेथे करता येते. पण शून्याचे पुन्हा एक करायचे असल्यास एखाददुसरे अक्षर बदलता येत नाही, तो सबंध कप्पाच पुसावा लागतो. हे कप्पे साधारणपणे ४ किंवा ६४ किलोबाइटचे असतात. म्हणजे एका शब्दाची चूक सुधारण्यासाठी सारी पाटी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा लिहायची. अद्ययावतीकरण चालते तेव्हा हेच होत असते: कप्पा पूस, नवा मजकूर लिही, ताडून पाहा, पुढच्या कप्प्याकडे जा. हे काम काही मिनिटांत संपते; पण त्या मिनिटांत चिपवर ना जुना ग्रंथ पुरा असतो ना नवा. नेमकी तेव्हाच वीज गेली तर यंत्राजवळ स्वतःला जागे करण्याची विद्याच उरत नाही.

वीज जाणे हे सर्वांत प्रसिद्ध कारण असले तरी एकमेव नव्हे. भलत्याच बोर्डाची फाइल चढवली जाते. एकाच नावाचा बोर्ड वायफायसह आणि वायफायविना असा दोन प्रकारांत निघतो, किंवा त्याच नावाखाली कंपनी दुसरी आवृत्ती काढते आणि तिचा आकडा फक्त बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक छापते. पेनड्राइव्ह जुनाट असतो. विंडोज चालू असताना, तिच्या आतूनच बायोस बदलणारा कार्यक्रम चालवला जातो आणि विंडोजच मध्ये गोठते. काही वेळा तर मालकाला पत्ताही नसतो. तैवानमधील एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या सीआयएच नावाच्या विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी जगभरातील असंख्य संगणकांच्या डिस्कवरील प्रारंभीचा भाग पुसला, आणि ज्या बोर्डांवरील बायोसची चिप लेखनासाठी उघडी होती त्यांचा बायोसही बिघडवला. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू या लिनक्स वितरणाची १७.१० ही आवृत्ती उतरवण्याची सोय काही काळ मागे घ्यावी लागली, कारण तिच्यातील एका चालकामुळे काही लॅपटॉपांच्या फर्मवेअरची चिप लिखाण स्वीकारेनाशी झाली होती. तेथे कोणीही बायोस बदलायला गेलेले नव्हते.

आता निदानाकडे वळू. माझ्या मते या साऱ्या विषयात सर्वांत जास्त चुका येथेच होतात. अद्ययावतीकरणानंतर पडदा काळा राहिला म्हणजे फर्मवेअर बिघडलेच असे नाही. ते व्यवस्थित चढलेले असूनही यंत्र रुसल्यासारखे वागू शकते, आणि अशा वेळी घाईने केलेला 'उपाय' हाच खरा घात ठरतो.

पहिला फसवा प्रकार उशिराचा. नवे फर्मवेअर चढल्यावर बोर्ड रॅमची नव्याने ओळख करून घेतो, तिच्याशी किती वेगाने बोलता येईल याची चाचपणी करतो. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या एएम५ बोर्डांवर, डीडीआर५ रॅमच्या बाबतीत, या पहिल्या चाचपणीला काही मिनिटे लागतात. त्या वेळात पडदा काळा असतो, यंत्र मध्येच एकदोनदा स्वतःहून बंद होऊन चालूही होते. दीड मिनिट वाट पाहून, गेला बोर्ड, असे म्हणत बटण दाबून धरणारा माणूस आपल्या हाताने ती चाचपणी तोडतो, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पंधरा मिनिटे घड्याळ लावून काहीही न करणे हा निदानाचा पहिला भाग आहे. सांगायला सोपा, पाळायला अवघड.

दुसरा फसवा प्रकार विसराळूपणाचा. अद्ययावतीकरणात बोर्डाच्या जुन्या निवडी पुसल्या जाऊन कारखान्यातल्या मूळ निवडी येतात. डिस्क जुन्या पद्धतीने चालत असेल आणि मूळ निवड नव्या पद्धतीची असेल, तर कंपनीचे चिन्ह पडद्यावर उमटते आणि त्याखाली 'चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही' अशा अर्थाचे वाक्य येते. हे वाक्य वाचून पुष्कळांचे धाबे दणाणते. वस्तुतः ही आनंदाची खूण आहे, कारण कंपनीचे चिन्ह काढून दाखवणारे फर्मवेअर मेलेले असू शकत नाही. सेटिंगच्या पानावर जाऊन जुनी निवड परत केली की काम झाले.

तिसरा प्रकार नवा प्रोसेसर आणि जुने फर्मवेअर यांच्या जोडीचा. येथे फर्मवेअर बिघडलेले नसते, ते केवळ अडाणी असते. पुढ्यात बसलेला पाहुणा कोण हे त्याला कळत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये एएमडीचे नवे प्रोसेसर आले तेव्हा ते जुन्या फर्मवेअरच्या बोर्डात बसवणाऱ्यांना काळा पडदा दिसू लागला. नवे फर्मवेअर चढवायला यंत्र चालू व्हायला हवे, आणि यंत्र चालू व्हायला नवे फर्मवेअर हवे. अखेर कंपनीलाच अशा ग्राहकांना तात्पुरता वापरायला एक जुन्या जातीचा प्रोसेसर धाडण्याची योजना काढावी लागली.

हे तिन्ही प्रकार बाजूला काढल्यावर साधी तपासणी करावी. यंत्राची वायर भिंतीतून काढायची, बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी काढायची, निवडी पुसण्याचा जंपर पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे जोडायचा, पाचदहा मिनिटे थांबून सारे पूर्ववत करायचे. रॅमची एकच पट्टी ठेवायची. पडद्याची केबल योग्य जागी आहे का ते पाहायचे. वेगळे ग्राफिक कार्ड असताना केबल बोर्डाला लावली म्हणून 'मेलेले' यंत्र मी स्वतः पाहिले आहे. नंतर बोर्डावरचे छोटे दिवे पाहायचे. आजच्या पुष्कळ बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक आणि डिस्क अशा चार नावांचे चार दिवे असतात आणि काम अडले तेथला दिवा पेटून राहतो. रॅमचा दिवा पेटला तर निदान रॅमपर्यंत पोचण्याइतके फर्मवेअर जिवंत आहे असे अनुमान काढता येते. एकही दिवा लागत नाही, पिपाणीही वाजत नाही, पंखे एका सुरात फिरत राहतात किंवा दर काही सेकंदांनी यंत्र बंदचालू होत राहते, आणि हे सारे अद्ययावतीकरण तुटल्यापासूनच सुरू झाले आहे, तर मात्र पाठ भ्रष्ट झाला असे धरून चालायला हरकत नाही.

येथे एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. आमच्या विभागातील एका संगणकावर क्षेत्रकार्यात जमवलेली ध्वनिमुद्रणे होती. सात वर्षांतल्या विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, त्यांच्या नोंदी, गाणाऱ्या आजीबाईंच्या मुलाखती. त्यांतल्या काही आजी आज हयात नाहीत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार म्हणून त्या यंत्रावर विंडोज ११ बसवायचे ठरले, त्यासाठी बोर्डाचा बायोस नवा करायचा होता, आणि तो नवा होत असताना वीज गेली. यूपीएस होता, त्याची बॅटरी त्या आधीच निकामी झाली होती. पहिल्या दुकानात निकाल मिळाला: "सर, बोर्ड गेला. नवीन टाकू या, जुन्यात काही राम नाही."

विभागात त्या दिवशी जी चर्चा झाली ती बोर्डाची नव्हतीच. ती ओव्यांची होती. म्हणून येथे हे ठळकपणे सांगितले पाहिजे की बायोसची चिप आणि डिस्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बायोस बिघडल्याने डिस्कवरच्या फायलींना सहसा काहीही होत नाही. आम्ही बोर्डाला हात लावण्याआधी डिस्क बाहेर काढली, एका साध्या केबलने ती दुसऱ्या संगणकाला जोडली, आणि सर्व ध्वनिमुद्रणे दोन निराळ्या ठिकाणी उतरवून घेतली. एवढे झाल्यावर बोर्ड राहो की जावो, काळजाला घोर उरला नाही. क्रम हाच असावा: आधी डिस्क, मग बोर्ड.

आता बोर्डाच्या उपायांकडे येऊ. फर्मवेअर बिघडू शकते हे बोर्ड बनवणाऱ्यांनाही फार पूर्वीपासून ठाऊक होते, म्हणून त्यांनी मजकुराचा एक लहानसा भाग सहसा न पुसता राखून ठेवला. त्याला बूट ब्लॉक म्हणतात. १९९०च्या दशकातल्या काही बोर्डांवर हा भाग इतका तोटका असे की त्याला पडद्यावर अक्षरही काढता येत नसे. पण तो फ्लॉपी वाचू शके. काळ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला फ्लॉपीचा दिवा लुकलुकताना दिसला तर समजायचे, धुगधुगी आहे. योग्य नावाची फाइल असलेली फ्लॉपी घालायची, एका कंपनीच्या बायोसमध्ये कंट्रोल आणि होम ही बटणे दाबून धरायची, आणि अंधारात वाट पाहायची. फ्लॉपीची जागा पुढे पेनड्राइव्हने घेतली, पण ही युक्ती अनेक बोर्डांत आजही शिल्लक आहे; आपल्या बोर्डाला कोणत्या नावाची फाइल हवी ते त्याच्या पुस्तिकेत सापडते. काही बोर्डांवर दोन चिपा असतात, एक बिघडली की दुसरीवरून काम चालते. गिगाबाइट कंपनीने ही दुहेरी रचना बरीच वर्षे मिरवली.

गेल्या दहापंधरा वर्षांत त्याहूनही चांगली सोय आली. बोर्डाच्या मागच्या बाजूला एक छोटे बटण असते. असूस त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणते, एमएसआय फ्लॅश बायोस बटण, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस. याचे वैशिष्ट्य असे की यात प्रोसेसर आणि रॅम यांची गरजच पडत नाही. बोर्डावरील एक स्वतंत्र लहान नियंत्रक पेनड्राइव्हवरून फाइल वाचून चिपमध्ये उतरवतो. बोर्डाला फक्त वीजपुरवठ्याच्या तारा जोडलेल्या हव्यात. परंतु हा नियंत्रक फार हट्टी आहे. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनेच तयार केलेला हवा, आणि ३२ गिगाबाइट किंवा त्याहून लहान घेतलेला बरा. तो नेमक्या खूण केलेल्या खाचेतच लावायला हवा. फाइल गाठोड्यातून सोडवलेली हवी, आणि तिचे नाव कंपनी सांगेल तेच हवे, एमएसआयला 'एमएसआय.रॉम' लागते, गिगाबाइटला 'गिगाबाइट.बिन', आणि ही नावे अर्थातच रोमन लिपीत. बटण दाबल्यावर दिवा लुकलुकत राहिला तर काम चालू आहे. असूसच्या बोर्डावर तो पाच सेकंद लुकलुकून स्थिर झाला तर बोर्डाने फाइल स्वीकारलेली नाही असे समजावे. अशा वेळी बोर्डाला दोष देण्यापूर्वी पेनड्राइव्ह बदलून पाहावा. निम्मे 'अयशस्वी' प्रयत्न तेथेच यशस्वी होतात असा दुरुस्ती करणाऱ्यांचा अनुभव आहे.

आमच्या बोर्डावर असले बटण नव्हते, आणि बूट ब्लॉकनेही दाद दिली नाही. राहिला शेवटचा मार्ग: चिपमध्ये बाहेरून लिहिणे. पूर्वी चिप खोबणीत बसवलेली असे, तेव्हा धीट कारागीर तशाच दुसऱ्या चांगल्या बोर्डावर यंत्र सुरू करीत, ते चालू असतानाच त्याची चिप उपटून तेथे बिघडलेली चिप बसवीत, आणि तिच्यावर लिहून घेत. आता त्याची गरज नाही. प्रोग्रामर नावाचे एक स्वस्त उपकरण मिळते. त्याची चिमट्यासारखी क्लिप चिपच्या आठ पायांना लावायची, दुसरे टोक दुसऱ्या संगणकाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे उपकरण मागितल्यास कोणी चमकून पाहत नाही.

दुसऱ्या दुकानातल्या कारागिराने क्लिप लावल्यावर जे केले ते मला फार आवडले. त्याने लिहिण्याआधी वाचले. "आधी आहे ते काढून ठेवतो, मग पुसतो," तो म्हणाला. चिपमधला बिघडलेला मजकूर त्याने एकदा वाचला, परत वाचला, आणि दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का ते पाहिले. न जुळल्यास क्लिप नीट बसलेली नाही, आणि वाचणेच धड होत नसेल तर लिहिणे काय होणार! भ्रष्ट प्रत जपण्याचे कारण केवळ सावधगिरी नाही. चिपमध्ये कंपनीच्या फाइलमध्ये नसलेला, त्या एकाच यंत्राचा असा काही मजकूर असतो: यंत्राचा अनुक्रमांक, कित्येक बोर्डांत जाळ्याच्या जोडणीचा पत्ता, लॅपटॉप असल्यास बहुधा विंडोजचा परवाना. सरसकट पुसून कंपनीची प्रत चढवली तर यंत्र उठेल, पण स्वतःचे नाव विसरून.

ती बिघडलेली प्रत मी मागून घेतली आणि कंपनीच्या संग्रहातून जुनी व नवी अशा दोन्ही आवृत्त्या उतरवून तिघींची ताडणी केली. जे दिसले ते पाठचिकित्सेच्या वर्गात दाखवावे असे होते. पुसणेलिहिणे ज्या क्रमाने चालले त्या क्रमाने पाहता पहिला मोठा भाग नव्या आवृत्तीशी अक्षरशः जुळत होता. मग ६४ किलोबाइटचा एक कप्पा पूर्ण कोरा. त्याच्यापुढचा सारा भाग जुन्या आवृत्तीचा. म्हणजे कप्पा पुसला गेला आणि तो लिहिण्यापूर्वी वीज गेली. ते एक कोरे पान म्हणजे वीज गेल्याच्या क्षणाची नोंदच होती. काही ठिकाणी मजकूर दोहोंशीही जुळेना. तो बोर्डाच्या स्वतःच्या नोंदींचा भाग होता, आणि तोच जपायचा होता.

आपल्याकडे पाठचिकित्सेची मोठी परंपरा आहे. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ साली पुरे झाले, ते अशाच ताडणीवर. पण एक भेद ध्यानात ठेवायला हवा. संपादक एखाद्या संदिग्ध जागी विवेकाने पाठ ठरवू शकतो. फर्मवेअरमध्ये त्या विवेकाला वाव नाही. मजकुराची बेरीज आणि कंपनीची सही जुळली तरच यंत्र तो मानते, एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी सारा पाठ अग्राह्य ठरू शकतो. तेथे तर्काने दुरुस्ती करू नये, शुद्ध प्रतच उतरवावी.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, विजेचा दाब. बहुतेक चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, पण अनेक लॅपटॉपांत आणि काही नव्या बोर्डांत १.८ व्होल्टच्या असतात. त्यांना वेगळा जोड लागतो. बाजारातल्या सर्वांत स्वस्त काळ्या रंगाच्या प्रोग्रामरची खोड अशी की तो ३.३ व्होल्टवर असतानाही माहितीच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतो. पुष्कळ चिपा ते सोसतात, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. पण चिपवरचा क्रमांक वाचून तिचा दाब पाहिल्याशिवाय क्लिप लावणे म्हणजे बिघडलेल्या मजकुराबरोबर चांगली चिपही घालवणे. दोन, फाइलचा आकार. १६ मेगाबाइटच्या चिपची प्रत बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची असते. कंपनीने दिलेली फाइल त्याहून थोडी मोठी असेल तर पुष्कळदा तिच्या आरंभी एक वेष्टन असते, उदाहरणार्थ २०४८ बाइटचे. ते काढून मगच आतला मजकूर चिपवर लिहायचा. वेष्टनासकट लिहिला तर प्रत्येक शब्द आपल्या जागेवरून सरकतो.

आमच्या बोर्डावर नवी आवृत्ती चढवली, बोर्डाच्या नोंदींचा भाग जुन्या प्रतीतून परत बसवला, पुन्हा वाचून ताडून पाहिले. लिहिण्याला काही मिनिटे लागली, विचाराला एक दुपार. यंत्र चालू झाले, अनुक्रमांकासकट. खर्च नव्या बोर्डाच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आला.

एक धोका मात्र आमच्या वाट्याला आला नाही म्हणून सुटला. तो येथे नोंदवणे जरूर आहे, कारण पुढे तोच वाढणार आहे. आमची डिस्क कुलूपबंद नव्हती. विंडोज ११ च्या २०२४ सालच्या आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या आणि मायक्रोसॉफ्टचे खाते जोडलेल्या यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि किल्ली टीपीएम नावाच्या घटकात राहते. हा घटक अनेकदा फर्मवेअरचाच भाग असतो. बायोस बदलल्यावर एएमडीच्या काही बोर्डांवर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक प्रश्न येतो: टीपीएम नव्याने सुरू करायचा का, होय असेल तर वाय दाबा, नाही तर एन. घाईत वाय दाबणारा माणूस जुनी किल्ली फेकून देतो. मग विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्तिक्रमांक मागते, आणि तो कोठे नोंदलेला नसेल तर डिस्क शाबूत असून तिच्यातले एक अक्षरही वाचता येत नाही. अशी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तरी हाच क्रमांक लागतो. आमच्या ओव्या अशा कुलपात असत्या आणि क्रमांक कोणाजवळ नसता तर दुनियेतला कोणताही कारागीर त्या काढून देऊ शकला नसता. म्हणून बायोसला हात लावण्यापूर्वी हा क्रमांक मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर उतरवावा, कुलूप तात्पुरते स्थगित करावे, आणि ध्वनिमुद्रणांसारख्या एकमेव वस्तूंची प्रत आधीच दुसरीकडे ठेवावी.

बाकी खबरदारी थोडक्यात सांगतो. बायोस विंडोजच्या आतून बदलू नये, बोर्डाच्या स्वतःच्या पानावरून बदलावा. लॅपटॉप असेल तर तो भरलेला आणि चार्जरलाही जोडलेला असावा. विनाकारण बदलूच नये. नवा प्रोसेसर, सुरक्षेची दुरुस्ती किंवा प्रत्यक्ष जाणवणारा दोष, असे काही कारण असल्यासच बदलावा. आणि यूपीएस आहे एवढ्यावर विसंबू नये. काम सुरू करण्यापूर्वी त्याला एक दिवा जोडून भिंतीचे बटण बंद करावे, आणि दिवा किती मिनिटे टिकतो ते घड्याळावर पाहावे. विभागातला यूपीएस या परीक्षेत चार सेकंद टिकला. त्याची बॅटरी आता बदलली आहे.